जुन्या चार-स्पीड गाडीत आधुनिक पाच-स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्स बसवता येतो का?

हो, बसवता येतो. पण गिअरबॉक्स मिळवणं हा त्यातला सोपा भाग. फायदा हायवेवर कळतो. जुन्या बॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा १:१ असतो (इंजिन आणि बाहेर पडणारा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात), नव्याचा पाचवा साधारण ०.८ चा, म्हणजे ज्या वेगाला इंजिन ३,००० आरपीएमवर ओरडत होतं, तिथे ते २,४०० वर येतं. खरी मेहनत जोडणीत आहे:

- इंजिनला जुळणारं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण) किंवा अ‍ॅडॅप्टर प्लेट
- नव्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (शाफ्टवरच्या उभ्या खाचांना) बसणारी क्लच प्लेट आणि शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टमध्ये धरणारं पायलट बेअरिंग
- नव्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, सरकवलेला क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग), स्पीडोमीटरचा ड्राइव्ह

बेलहाउसिंग क्रँकशाफ्टशी एकमध्य आहे का, हे डायल इंडिकेटर (बारीक फरक मोजणारं घड्याळासारखं मापक) लावून बघाच. एकूण फरक साधारण ०.१३ मिमीच्या आत हवा. ही पायरी गाळून मग गिअर अडकतो म्हणून बॉक्सला शिव्या घालणारे पुष्कळ. एक मात्र आधी तपासा: डिफरन्शियलचं गुणोत्तर मुळातच उंच (म्हणजे आकड्याने लहान) असेल आणि इंजिन अशक्त, तर पाचव्यात गाडी ओढणारच नाही. आणि मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नका, गाडीची किंमत त्यावरही ठरते.