अस्तरात राहिलेलं काडतूस

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, गाव कणकवली तालुक्यात. मे महिन्यात गावाहून येताना आमसुलं आणि कुळीथाचं पीठ भरून बाबांची जुनी कॅनव्हासची बॅग आणली. पुढे कंपनीच्या कामासाठी दिल्लीला निघालो तेव्हा तीच नेली. पुणे विमानतळावर तपासणीत तिच्या फाटक्या अस्तरात बारा बोरचं एक जिवंत काडतूस सापडलं. बाबांकडे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे. माझ्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवून पोलिसांनी नोटीस दिली आणि रात्री उशिरा सोडलं. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, कोर्टात कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. बाबा म्हणतात, ‘काडतूस मीच ठेवलं’ असं मी सांगतो. ऑक्टोबरमध्ये कामासाठी जर्मनीला जायचंय आणि पासपोर्टचं नूतनीकरण त्याआधीच करायचंय. काय करू?

उत्तर : कबुली देऊ नका. बाकी सगळं नंतर, आधी हे. बिनपरवाना काडतूस बाळगण्यासाठी शस्त्र कायद्याच्या कलम २५(१-ब)(अ) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, शिवाय दंड. विशेष कारणं नोंदवून न्यायाधीश दोन वर्षांखाली येऊ शकतात, पण दोषी ठरल्याचा शिक्का राहतोच. हे वाहतूक पोलिसाचं चलन नव्हे की पैसे भरले आणि घरी आलो. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण त्या सल्ल्याने तुमची नोकरी जाईल.

आता तुमच्या बाजूचं. या कायद्यात नुसतं वस्तू सापडणं पुरत नाही. ती आपल्याजवळ आहे हे माणसाला ठाऊक असावं लागतं. याला आम्ही जाणीवपूर्वक ताबा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात हे तत्त्व सांगितलं. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या ‘ताबा’ शब्दाचाही हाच अर्थ लावला. सामानात एखादंच काडतूस सापडलं, जवळ शस्त्र नाही, वाईट हेतूची खूण नाही, अशा प्रकरणांत याच आधारावर उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१४ चा असा एक निकाल आम्ही वकील मंडळी आजही दाखवतो.

म्हणून बाबांच्या त्या एका वाक्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. ‘काडतूस मीच ठेवलं’ हे ते मुलाच्या मायेपोटी म्हणतायत, पण ते खरं आहे का? तुमच्या पत्रावरून मला समजतं ते असं, की रानडुकरं आणि माकडं हाकायला बागेत जाताना ते ही बॅग खांद्याला लावायचे, काडतुसं तिच्यातच टाकायचे, आणि त्यातलं एक कधीतरी अस्तराच्या भोकातून आत घरंगळलं. मग ते ठेवलं नाही, राहिलं. ठेवलं आणि राहिलं या दोन क्रियापदांत तुमचा सगळा खटला आहे. बाबांनी जे घडलं तेवढंच सांगावं, तुम्हाला वाचवण्यासाठी एक शब्द जास्त नको. वाढवून सांगितलेला जबाब उलटतपासणीत फाटला की खरा भागही त्याच्याबरोबर जातो.

बाबांना काही जोखीम आहे का? आहे, आणि ती त्यांच्यापासून लपवू नका. काडतुसं नीट सांभाळली नाहीत म्हणून परवान्याच्या अटींचा भंग काढला, तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो. ज्याची बाग जंगलाला लागून आहे त्या माणसासाठी हे लहान नुकसान नाही. त्यामुळे जबाब देण्याआधी त्यांनी स्वतःसाठी वेगळा वकील गाठावा. बाप-लेकांचं हित इथे बरंचसं एक आहे, पण सगळं नाही.

पुरावा आजच गोळा करायला लागा. परवान्याची साक्षांकित प्रत घ्या. विक्रेत्याकडून घेतलेल्या काडतुसांची नोंद परवान्यावर असते, ती तारखेनिशी लिहून काढा. बारा बोरच्या काडतुसाच्या पितळी बुडावर बनवणाऱ्याचं नाव आणि बोर कोरलेलं असतं. घरी त्याच खरेदीतली काडतुसं शिल्लक असतील तर त्यांच्या बुडाचा फोटो बाबांनीच काढावा. पंचनाम्यात जप्त काडतुसाचं वर्णन असेल, त्याच्याशी हे जुळलं तर ते कुठून आलं हा प्रश्न मिटतो. तुम्ही मात्र गावाहून एकही काडतूस पुण्याला आणू नका. दाखवायला म्हणूनसुद्धा नाही.

विमानतळावरचं सीसीटीव्ही चित्रण फार महत्त्वाचं आहे. यंत्राच्या पडद्यावर ते दिसल्यावर तुम्हाला बाजूला घेतलं, बॅग रिकामी केली, तुम्ही चकित झालात, ‘ही बाबांची बॅग आहे’ असं लगेच म्हणालात. हे पहिलं वाक्य, सल्ला मिळण्याआधीचं, न्यायालयाला पटतं. पण चित्रण कायम साठवून ठेवत नाहीत. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि वकिलामार्फत न्यायालयाकडेही तशी मागणी करा. त्या रात्री ठाण्यात कशावर सह्या केल्या ते नीट आठवत नाही असं तुम्ही लिहिता. घाबरू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

नोटीस मिळाली आहे म्हणजे बोलावतील तेव्हा हजर राहायचं. एकही तारीख चुकवू नका, कारण न गेल्यास अटक होऊ शकते.

पुढचा टप्पा दोन वाटांनी जातो. पहिली म्हणजे शस्त्र कायद्याचं कलम ३९. काडतुसाच्या अशा गुन्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालवता येत नाही. ती परवानगी नुसता शिक्का मारून दिली की कागद वाचून, हे तुमच्या वकिलाने तपासायचं. म्हणून परवान्याची प्रत आणि बाबांचा जबाब तपासाच्या कागदांत आधीच गेलेला बरा. दुसरी वाट उच्च न्यायालयाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२) गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. तुम्ही सिंधुदुर्गचे म्हणून कोणी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जा म्हणेल, पण गुन्हा पुण्यात नोंदला आहे, तेव्हा मुंबईच. माझं मत विचाराल तर ही वाट लवकर धरा. तुमच्यासारख्या प्रकरणात खटला पूर्ण लढून निर्दोष सुटण्यात वर्षं जातात, आणि त्या वर्षांत तुमचं वय नोकरीत पुढे जायचं आहे.

पासपोर्टचं म्हणाल तर अर्जात गुन्हा लपवू नका. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे. कलम ६(२)(फ) ची अडचण येते ती फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असेल तेव्हा. नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. दोषारोपपत्र जाऊन न्यायालयाने दखल घेतली असेल तर त्याच न्यायालयाकडून परदेश प्रवासाची परवानगी मागायची. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार अशा परवानगीवर पासपोर्ट मिळतो, आणि आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचा असतो. आदेशात मुदत लिहून घ्यायला वकिलाला सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हाच फेरा. कंपनीने लेखी विचारलं तर खरं उत्तर द्या : गुन्हा नोंद आहे, शिक्षा झालेली नाही.

बाबांनी तुम्हाला विचारलं ना, की मग नेमबाज मुलं स्पर्धेला काडतुसं कशी नेतात? रीतसर नेतात. हातातल्या सामानात कधीच नाही. विमान कंपनीला आधी कळवून, काउंटरवर परवाना दाखवून, बंदूक रिकामी करून आणि काडतुसं वेगळ्या पक्क्या डब्यात बांधून, चेक-इन सामानात. काडतुसं स्वतःच्या वापरासाठी माणशी पाच किलोपर्यंत. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे तेही त्याच्यावर लिहिलेलं असतं, तेव्हा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिल्लीपर्यंत काडतुसं नेता येतील असं धरून चालू नये.

आणि बॅग. पोलिसांनी ती परत दिली असून आई अस्तर शिवून टाकायचं म्हणतायत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना आजच फोन करून थांबवा. धुऊ नका, शिवू नका. अस्तराचं भोक आतून-बाहेरून, शेजारी पट्टी ठेवून, तारीख दिसेल असं टिपा आणि बॅग तशीच कापडात गुंडाळून कपाटात ठेवा.