जाड कादंबरी आणि दोन टोकांची मतं

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच वैचारिक कादंबरीला कुणी डोक्यावर घेतं आणि कुणी ‘आठशे पानांचं प्रवचन’ म्हणून बाजूला टाकतं. यात खरं कुणाचं, असं तू विचारलंस. दोघंही प्रामाणिक असू शकतात. पण मत वाचताना दोन गोष्टी तपास. वाचणारा कुठपर्यंत पोचला होता? आणि पुस्तकातला विचार तो कुणाचा समजत होता? बरंचसं भांडण या दुसऱ्या प्रश्नावरच होतं.

रशियन लेखक दस्तयेवस्कीची ‘द ब्रदर्स कारामाझव’ घे. बारा खंड आणि उपसंहार. पाचव्या खंडात कारामाझव भावांपैकी इवान लहान मुलांच्या हालांचे दाखले देऊन देवाची व्यवस्थाच नाकारतो आणि मग पृथ्वीवर परतलेल्या ख्रिस्तालाच कैद करणाऱ्या धर्मन्यायाधीशाची ती प्रसिद्ध कथा सांगतो. इथे थांबलेल्याला कादंबरी नास्तिकाची वाटते. सहाव्या खंडात झोसिमा या वृद्ध साधूचं जीवन आणि उपदेश येतो. तिथे कंटाळून थांबलेल्याला तीच कादंबरी धर्मप्रचार वाटते. पहिल्या वाचकांनाही हे चुकलं नाही. कादंबरी १८७९-८० मध्ये मासिकातून क्रमशः येत होती. पाचवा खंड मे-जूनमध्ये आला, सहावा ऑगस्टमध्ये. इवानला उत्तर कुठे आहे, असं लेखकाला पत्रातून विचारलं गेलं. त्यानं कळवलं की सहावा खंड हेच उत्तर आहे, पण मुद्द्याला मुद्दा अशा रीतीनं नाही, तर एका चित्राच्या रूपात. युक्तिवादाला युक्तिवाद शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच तिथे काही लागत नाही. इवानच्या विचारांचं इवानचं स्वतःचंच काय होतं, हे तर अकराव्या खंडात, त्याच्या आजारपणात कळतं.

म्हणून पुस्तकात एक कोरा कागद ठेव आणि त्यावर तीन रकाने पाड: बोलणारा कोण, तो काय म्हणतो, आणि पुढे तो काय करतो. तिसरा रकाना बराच काळ रिकामा राहील, राहू दे. तो भरायला लागला की चर्चेची पानं कथेला जोडली जातात. त्याच कागदाच्या पाठीवर नावं लिही. रशियन कादंबरीत एकाच माणसाला नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाची नावंही असतात. कारामाझव भावांपैकी दिमित्री म्हणजेच मित्या, हे लक्षात आलं नाही तर दीडशे पानांनंतर माणूसच हरवतो, आणि वाचक दोष मात्र तत्त्वज्ञानाला देतो.

कंटाळ्याबद्दलही थोडं नीट बोलायला हवं, कारण सगळा कंटाळा एका जातीचा नसतो. जर्मन लेखक टोमास मानच्या ‘द मॅजिक माउंटन’चा नायक तीन आठवड्यांसाठी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात मावसभावाला भेटायला जातो आणि सात वर्षं राहतो. सात प्रकरणांपैकी तिसरं प्रकरण त्याच्या पहिल्या अख्ख्या दिवसाचं आहे. पुढे मात्र महिने आणि वर्षं भराभर निघून जातात. तिथल्या माणसांचा काळ जसा ताणला जातो, तसाच वाचणाऱ्याचाही ताणला जावा, अशी ती रचना आहे. मान स्वतः म्हणत असे की ही कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्या शंभर पानांवरून दिलेल्या तिच्याबद्दलच्या निकालाला म्हणूनच फार वजन देऊ नकोस.

दुसऱ्या जातीचा कंटाळा खरा असतो, आणि तो बोलून दाखवायला कचरू नये. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या उपसंहाराच्या दुसऱ्या भागात बारा प्रकरणं आहेत आणि त्यांत कथेतलं एकही पात्र हलत-बोलत नाही, इतिहास कशानं घडतो यावरचा तो सरळ निबंध आहे. तिथे लेखक स्वतःच बोलतो, तेव्हा त्याच्याशी थेट वाद घालायचा तुला पूर्ण हक्क आहे. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयनंच असली बरीच चर्चा मजकुरातून काढून शेवटी परिशिष्टात नेली होती. नंतरच्या आवृत्त्यांत ती परत जागेवर आली. ‘निबंध कथेला जड होतो’ हा आक्षेप म्हणजे वाचकाचा आळस नव्हे.

बैठक पानांवर नाही, प्रकरणावर संपव. रोज पंचवीस-तीस पानं पुरतात. चर्चेचं प्रकरण असेल तर दहाच. मध्ये आठवडाभर खंड पडला तर पुढे रेटू नकोस, आधीचं एक प्रकरण परत वाच. अनुवादाची आवृत्तीही बघून घे. मानच्या कादंबरीत पाचव्या प्रकरणाच्या शेवटी नायकाचं आणि त्याला आवडणाऱ्या बाईचं निर्णायक बोलणं फ्रेंचमध्ये आहे. एका जुन्या इंग्रजी अनुवादात ते फ्रेंचमध्येच ठेवलंय, १९९५ च्या अनुवादात ते इंग्रजीत आहे. तो जुना अनुवाद वाचणाऱ्या, फ्रेंच न येणाऱ्या वाचकाच्या हातून कादंबरीचा कणाच निसटतो.

सोडायचं असेल तर खुशाल सोड, पण एखादं मोठं संभाषण आणि त्याचे परिणाम दाखवणारं प्रकरण, एवढं वाचून झाल्यावर. आणि मत मांडशील तेव्हा पहिल्याच वाक्यात सांग: कुठपर्यंत वाचलं, कुठल्या अनुवादात वाचलं. ‘कंटाळवाणी’ किंवा ‘थोर’ असं लिहिण्याऐवजी ज्या पानावर पुस्तक मिटावंसं वाटलं, किंवा ज्या पानानं झोप उडवली, त्या पानावर कोण बोलत होतं ते लिही. तुझ्या उलट मत असणाऱ्यालाही मग तेच पान काढून तुझ्याशी बोलता येईल.

कागदावरचा तिसरा रकाना भरला की मला कळव.

तुझा हितचिंतक