फ्रेंच सुगंधकार सर्ज ल्युटेन्सचं 'फेमिनिते द्यू ब्वा' हे परफ्यूम पुरुषाने लावलं तर चालेल का? त्यातल्या मसाल्यांमुळे अंगाला स्वयंपाकघराचा वास तर येणार नाही? मुंबईच्या हवेत टिकतं का?

बिनधास्त लावा. नावात स्त्रीत्व असलं तरी बाटलीत आहे ते लाकूड, आणि तेही फार देखणं.

हे परफ्यूम 1992 मध्ये शिसेदो या जपानी सौंदर्यप्रसाधन कंपनीने आणलं. कल्पना सर्ज ल्युटेन्सची, बांधणी पिएर बूर्दों आणि ख्रिस्तोफर शेल्ड्रेक या परफ्यूमकारांची. बूर्दों म्हणजे 'कूल वॉटर' या पुरुषांच्या गाजलेल्या परफ्यूमचे कर्ते, तेव्हा त्यांच्या हातचा वास तुम्ही कधी ना कधी घेतलेला असणारच. 2009 पासून ते ल्युटेन्सच्या स्वतःच्या नावाने मिळतं. 1992 च्या सुमारास कोरडी लाकडं साधारणपणे पुरुषांच्या बाटल्यांत जायची आणि फुलं बायकांच्या. ल्युटेन्सने बायकांच्या परफ्यूमच्या मधोमध सीडरचं लाकूड आणून ठेवलं. मग ते पुरुषाला शोभणार नाही असं कसं होईल?

हा सीडर मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतातला, आपल्या हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंद. शिसपेन्सिल टोकल्यावर जो वास येतो तो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया सीडरचा, आणि ते झाड खरं तर जुनिपरच्या जातीचं. अ‍ॅटलस सीडर त्यापेक्षा मऊ, किंचित गोडसर, थोडा राळेकडे झुकणारा. या परफ्यूममध्ये त्याला आलुबुखारची जोड आहे, आणि सगळी जादू तिथेच आहे. फळ पिकलेलं, गडद, सालीजवळ जरासं आंबट; लाकूड कोरडं. मनगटाला नाक लावलं की आधी फळ येतं, लगेच मागून दालचिनी, लवंग आणि आल्याची ऊब, आणि दहा-पंधरा मिनिटांत या सगळ्याच्या खालून लाकूड वर यायला लागतं. पुढे तेच राहतं. शेवटी मेणाचा मधाळ वास, थोडं व्हायोलेट, थोडं चंदन, अगदी कातडीलगत.

स्वयंपाकघराची भीती मनातून काढून टाका. घरातला मसाल्याचा वास अंगाला चिकटतो तो तेलाच्या फोडणीबरोबर आणि कांदा-लसणाबरोबर. इथे तसलं काही नाही. लवंग जास्त झाली असती तर दाताच्या दवाखान्याची आठवण झाली असती, कारण दोन्हीकडे लवंगेच्या तेलातलं युजेनॉलच. पण ती फार बेताने वापरली आहे.

आता टिकण्याबद्दल. यात 'आयसो ई सुपर' नावाचा कृत्रिम सुगंधी रेणू भरपूर आहे. लाकडाला जो गुळगुळीतपणा येतो तो बराचसा त्याच्यामुळे. पण काही जणांना त्याचा वास जवळजवळ येतच नाही, आणि ज्यांना येतो त्यांचंही नाक त्याला लवकर सरावतं. म्हणून दोन तासांनी 'उडालं' असं वाटलं तरी लगेच पुन्हा फवारू नका. शेजारच्याला विचारा, बहुतेक वेळा त्याला येत असतं. माझ्या अंगावर एसी ऑफिसात सकाळचं संध्याकाळपर्यंत मंदपणे राहतं. मात्र लोकलच्या गर्दीत, घामात ते दुपारीच संपतं. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आलुबुखार फुगून वर येतं आणि गोडवा जड होतो, तेव्हा एकच फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर. पावसाळ्यात मात्र मला हे सर्वांत आवडतं. दमट पण गार हवेत लाकूड छान उघडतं. आणि डिसेंबरात पुण्या-नाशिककडे जाणं झालं तर सोबत न्याच, थंडीत मसाले जसे खुलतात तसे मुंबईत कधीच खुलत नाहीत. पांढऱ्या कपड्यावर थेट मारू नका, डाग पडू शकतो.

दूरवर घमघमणारं काही हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही, हातभर अंतरापलीकडे ते फारसं जात नाही. फळ नकोच, निव्वळ लाकूड हवं असेल तर दिप्तिक या फ्रेंच कंपनीचं 'ताम दाओ' बघा: चंदन, सीडर, सायप्रस, बरंच कोरडं.

काहीही ठरवलंत तरी आधी छोटा डिकँट (मोठ्या बाटलीतून काढून दिलेली लहान कुपी) मागवा आणि कागदाच्या पट्टीवर नको, कातडीवर लावून पूर्ण दिवस काढा. पट्टीवर फळच पुढे राहतं. लाकूड खुलतं ते अंगाच्या उबेने.