वाचक विचारतात : एका बाजूला दोनच गाणी?

प्रश्न : चोरबाजारात अमेरिकी सोल गायक आयझॅक हेज यांची ‘हॉट बटर्ड सोल’ ही तबकडी मिळाली. दोन्ही बाजूंना मिळून गाणी चारच. ती अपुरी तर नाही ना?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपली तबकडी पूर्ण आहे, १९६९ साली ती चारच गाण्यांची निघाली. हेज तोवर मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीत इतरांसाठी गाणी रचत, आणि त्यांचा पहिला अल्बम फारसा कोणी विचारला नव्हता. १९६८ मध्ये स्टॅक्सच्या तबकड्या वितरित करणाऱ्या अटलांटिक कंपनीशी करार संपला, तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क स्टॅक्सच्या हातून गेले. ती पोकळी भरण्यासाठी स्टॅक्सचे कारभारी अल बेल यांनी एकदम सत्तावीस अल्बमांचा घाट घातला, आणि त्या घाईत हेज यांना मनासारखे गाण्याची मोकळीक मिळाली.

डिऑन वॉरविक यांनी तीन मिनिटांत गायलेले ‘वॉक ऑन बाय’ इथे बारा मिनिटे चालते. शेवटचे गाणे तर अठरा मिनिटांहून मोठे : ऑर्गनचा एकच सूर मागे धरून हेज आधी कितीतरी वेळ नुसती गोष्ट सांगत राहतात, आणि मुखडा येईपर्यंत ऐकणारा पुरता गुंतलेला असतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या गिरगावकराला हा धीर नवा वाटू नये, जरी इथे रागविस्तार नसून कथन आहे. वाद्यसाथ बार-केज या वादकसंचाची आहे.

सुई मात्र तपासून घ्या. पहिल्या गाण्याच्या शेवटी गिटार बरीच करकरते, तो दोष तबकडीचा नव्हे.