वेटलिस्ट आणि हातातली जागा

प्रश्न : मावशी, मी ऐरोलीला राहते. मटेरियल सायन्समध्ये पीएचडीसाठी अमेरिकेत अर्ज केले होते. एका विद्यापीठानं स्टायपेंडसह प्रवेश दिलाय. जिथे मनापासून जायचंय, तिथे वेटलिस्टवर आहे. तिसरीकडे एमएसला प्रवेश आहे, पण पैसे आपले. बाबा म्हणतात, तोही हातचा सोडू नकोस. सकाळी ठाण्याच्या गाडीत चढल्यापासून मी मेल बघत असते. पहिल्या ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय. तिथे होकार देऊन वेटलिस्टची वाट बघितली तर ती फसवणूक होईल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : १५ एप्रिलपर्यंत नाही होत, बाळा. ही तारीख अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावातली. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीच्या ऑफरला त्याआधी उत्तर मागू नये, असं ठरलंय. आधी होकार दिला असेल, तरी १५ तारखेपर्यंत लेखी कळवून तो मागे घेता येतो. तुझं विद्यापीठ कौन्सिलच्या यादीत आहे का, ते बघून घे. आर्थिक मदत नसलेल्या एमएसला मात्र हा ठराव लागत नाही.

आणि त्या एमएसला आजच नकार कळव. बाबांना पीएचडीचं ऑफर लेटर वाचून दाखव. स्टायपेंड किती, ट्यूशन माफ आहे का, किती वर्षांची हमी आहे, सगळं त्यात असतं. शेजारी एमएसच्या कर्जाचा हप्ता मांड, म्हणजे त्यांनाही पटेल. तू अडवलेल्या जागेसाठी दुसरी एखादी मुलगी तुझ्यासारखीच झुरत असेल. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, शिफारसपत्रं लिहायचे, तेव्हा मुलांना हेच कळकळीनं सांगायचे.

पीएचडीची वेटलिस्ट रेल्वेच्या वेटिंगसारखी नसते. तिथे पुढचा गळला की आपला नंबर वर सरकतो. इथे बरंचसं कुणाच्या प्रयोगशाळेत जागा आणि ग्रँट आहे, यावर ठरतं. पॉलिमरवाला विद्यार्थी नाही म्हणाला, तर पॉलिमरवालाच शोधतील. म्हणून नंबर विचारत बसू नकोस. ॲडमिशनच्या कोऑर्डिनेटरना एक नेटकी मेल कर : अजून इच्छा आहे, कुणाकडे काम करायचंय, अर्जानंतर नवीन काय झालं, निर्णय साधारण कधी कळेल. ‘बोलावलंत तर नक्की येईन’ हे खरं असेल तरच लिही. मग थांब. रोज मेल केल्यानं जागा निघत नाही.

सकाळच्या गाडीत मेल बघणं तर सोडूनच दे. एप्रिलमध्ये अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागे असतो. तिथलं ऑफिस सकाळी नऊला उघडतं, तेव्हा ऐरोलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तोपर्यंत तिकडे सगळे झोपलेले. जेवणानंतर एकदा बघ, झोपताना एकदा. १४ आणि १५ला जास्त वेळा बघ, कारण लोकांचे नकार बहुतेक तेव्हाच येतात आणि जागा त्यानंतर हलतात.

तिकडच्या १५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत बोलावणं आलं नाही, तर हातातल्या जागेवर पक्की हो. १६ला आलं तर? माझं मत विचारशील तर जाऊ नकोस. तुझ्या भरवशावर त्या विभागानं एव्हाना दुसऱ्या कुणाला ‘नाही’ कळवलेलं असेल. होकार दिलास की लगेच आय-२० मागव, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म. त्यावरच्या क्रमांकानं सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची, ३५० डॉलर फी भरायची असते, आणि व्हिसाच्या मुलाखतीला जाताना तिची पावती लागते.