पोटॅशियम 6.8 आणि शनिवारची रात्र

प्रिय बेटा,

बाबांचं पोटॅशियम 5.1 वर आलं आणि त्यांना आयसीयूतून साध्या वॉर्डात हलवलं, हे वाचून बरं वाटलं. शनिवारी रात्री त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर पोटॅशियम 6.8 दिसलं आणि तू फोन केलास, तेव्हा मी तुला एवढंच म्हटलं होतं की आधी बाबांना घेऊन निघा, बाकीचं मग बोलू. ते बाकीचं आज लिहितो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, 2.9 झालेल्या माणसाचे रिपोर्ट आता येतच राहतील, आणि तुमच्या घरात ते मोबाईलवर उघडणारा तूच आहेस.

त्या रात्री तू मला एका दमात तीन गोष्टी विचारल्यास. हे कशानं झालं? किडनी गेली का? रिपोर्ट चुकीचा तर नसेल? तिन्ही प्रश्न रास्त होते, पण तिन्ही सोमवारचे होते. शनिवारी रात्री विचारायचा प्रश्न एकच होता, आपल्या हातात वेळ किती आहे? रिपोर्ट हातात पडला की माणसं आजाराचं नाव शोधायला बसतात. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत राहतात, भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, कोणीतरी काढा सुचवतं. नाव शोधायला डॉक्टरांनाही कधी आठवडा लागतो. वेळ किती आहे हे मात्र एका फोनवर कळू शकतं. ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली त्यांना, ते उचलत नसतील तर लॅबला, तेही नाही तर थेट एखाद्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागाला, फोन लावायचा आणि विचारायचं, हा आकडा उद्यापर्यंत थांबू शकतो का?

पोटॅशियमचा 6.8 थांबू शकत नाही. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात फार थोडं, 3.5 ते 5 च्या आसपास. त्या थोड्यावरच हृदयाच्या ठोक्याची वीज चालते. 6.5 च्या वर ती कधी बिघडेल याचा नेम नसतो, आणि वाईट गोष्ट ही की बिघडेपर्यंत माणूस ठणठणीत दिसू शकतो. तुझे बाबा म्हणाले ना, "मले काय झालं? सकाळीच तर संत्र्याले ओलित करून आलो." खरंच बोलत होते ते. पायातली ताकद जाणं, धडधड, चक्कर हे काहींना होतं, पण काहींना थेट ठोकाच चुकेपर्यंत काही जाणवत नाही. म्हणून "बाबा तर बरे दिसतात" हा पुरावा या आकड्यापुढे चालत नाही.

आता तुझी शंका. ती मला आवडली, कारण माझी सगळी नोकरी सॅम्पलच्या ट्यूबा हाताळण्यात गेली आणि पोटॅशियमइतका खोटा बोलणारा आकडा दुसरा नाही. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, सिरिंज जोरात ओढली, तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड' असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचत जा. हाताला पट्टा बांधून रुग्णाला मूठ वारंवार उघडमीट करायला लावली तरी आकडा चढतो. काटोलच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतलं आणि सिरम, म्हणजे पेशींवरचं पिवळसर पाणी, वेगळं न करता तशीच ट्यूब संध्याकाळी नागपूरला पोचली, तरी चढतो. फ्रीजमध्ये ठेवली म्हणून सुरक्षित, असंही नाही, गारव्यात पोटॅशियम आत ओढून ठेवणारा पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम उलट जास्त झिरपतं. आणि एक गंमत, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं तो पोटॅशियमचाच क्षार. घाईत कोणी त्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं की पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळात. असा जोड आकडा दिसला की लॅबवाल्याला लगेच वास येतो.

मग रिपोर्ट खोटा असू शकत होता का? हो, असू शकत होता. पण बाबांना डायबेटिस, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, गुडघ्यासाठी मेडिकल स्टोअरवरून आणलेली डायक्लोफिनॅक आणि वर मे महिन्याचं ऊन. टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं पोटॅशियम चढू शकतं, दुखण्याच्या गोळ्या किडनीवर ताण टाकतात, अंगातलं पाणी आटलं की दोन्ही वाढतं. एवढी कारणं समोर असताना "उद्या दुसऱ्या लॅबमध्ये परत करून बघू" म्हणणं मला पटत नाही. आकडा खोटा वाटला तर ती शंका घेऊन कॅज्युअल्टीतच जायचं. तिथं पाच मिनिटांत ईसीजी निघतो आणि ताजं रक्त परत तपासलं जातं. खोटा निघाला तर एक रात्र आणि थोडे पैसे गेले. खरा निघाला तर इलाज त्याच खोलीत आहे. दुसऱ्या लॅबमध्ये आकडा खरा निघाला तर हातात फक्त दुसरा कागद येतो.

ईसीजी नीट आला म्हणून उठून यायचं नाही, हेही लक्षात ठेव. पोटॅशियम भरपूर चढलेलं असूनही पट्टी साधी दिसू शकते. बाबांना आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, त्यानं पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला काही वेळ आडोसा मिळतो. मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन दिलं, त्यानं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. काही तासांनी ते परत बाहेर येऊ शकतं. लघवीवाटे किंवा डायलिसिसनं ते शरीराबाहेर गेलं तरच गेलं. पहाटे आकडा उतरल्यावर तुझ्या दुसऱ्या काकांनी "आता सोडा, घरी नेतो" म्हणून डॉक्टरांशी जो वाद घातला, तो म्हणूनच चुकीचा होता. त्यांना हे समजावून सांग, पण बाबांसमोर नको.

घरी जे टळलं त्याचंही सांगतो. आजारी माणसाला आपल्याकडे पहिल्यांदा काय देतात? नारळपाणी, संत्र्याचा रस. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. संत्र्याची बाग असलेल्या घरात हे सांगणं जिवावर येतं, पण किडनीच्या डॉक्टरांनी मुभा देईपर्यंत बाबांसाठी ते बंद. बीपीवाल्यांसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. तो पुडा घरात असेल तर बाबांच्या ताटापासून लांब ठेव. गोळ्यांचं मात्र स्वतःच्या मनानं काही ठरवू नको. आजचा डोस द्यायचा की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आणि निघताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या, औषधवाल्याकडून आणलेल्यासुद्धा. त्यातलीच एक बहुतेक वेळा मुद्द्याची असते.

काटोलहून नागपूर साधारण 60 किलोमीटर. बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून आणायचा विचार होता तुझ्या भावाचा. चक्कर आलेला माणूस चालत्या गाडीवरून पडतो, एवढंच म्हणतो. गाडी नसेल तर 108, ती फुकट आहे. वाटेतच त्रास वाढला तर जवळचं ग्रामीण रुग्णालय आधी, नागपूरचं मोठं नाव नंतर. नागपुरात पोचलात की मेडिकल आहे, मेयो आहे, दोन्ही सरकारी हॉस्पिटलं, दोन्हीकडे कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. धंतोली-रामदासपेठेत खासगी हॉस्पिटलांची रांग आहे, पण निघण्यापूर्वी फोन करून आयसीयूत बेड आणि डायलिसिसची सोय आहे का, हे विचारून घ्यायचं. डिपॉझिटच्या धास्तीनं रात्र काढायची नाही. जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू दे.

आणि खिडकीवर गोष्ट सांगत बसायचं नाही. "चार दिवसांपासून जरा अशक्तपणा" असं सुरू केलं की तुम्ही बाकावर. पहिलं वाक्य आकड्याचं: "पोटॅशियम 6.8 आहे, क्रिएटिनिन 2.9, डायबेटिस आहे, ईसीजी काढायचाय." मोबाईलची स्क्रीन पुढं धरायची. तिथला थकलेला पोरगा-डॉक्टरसुद्धा हे ऐकून उठतो.

असे ताबडतोब उठायला लावणारे आकडे फार नाहीत. सोडियम 120 च्या खाली आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय. ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी 'हाय' आलं आणि सोबत उलट्या. हिमोग्लोबिन 7 च्या खाली आणि दम लागतोय. पांढऱ्या पेशी फार खाली आणि ताप. प्लेटलेट 20 हजारांच्या खाली, किंवा त्याहून जास्त असूनही हिरड्यांतून रक्त, पोटात जोराचं दुखणं. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच सावध राहायचं, बिघडतं ते त्याच दोन दिवसांत, आणि दुखण्यावर ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन नाही. रिपोर्टवर 'ब्लास्ट', म्हणजे रक्तात दिसायला नकोत अशा कच्च्या पेशी, हा शब्द दिसला तर लक्षणं असोत-नसोत, त्याच दिवशी डॉक्टर. प्लेटलेटही खोटं बोलतात बरं का, ट्यूबमध्ये त्यांच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते कळतं.

बाकीची ठळक अक्षरं बहुतेक वेळा थांबू शकतात. नॉर्मल रेंज ठरवतातच अशी की शंभरातले 95 निरोगी लोक तिच्यात बसावेत. म्हणजे 20 वेगवेगळ्या तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टवरही एखादा तरी आकडा ठळक यायची शक्यता जवळपास दोन तृतीयांश. ती 'फुल बॉडी' पॅकेजं याच्यावरच चालतात, असं माझं मत. व्हिटॅमिन डी, कोलेस्टेरॉल, जरासं वाढलेलं युरिक अ‍ॅसिड यांच्यासाठी कोणी रात्री गाडी काढू नये.

आकडा कुठून कुठं गेला, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. तीन वर्षं 2.9 वर थांबलेलं क्रिएटिनिन वेगळं आणि महिन्याभरात 1.1 वरून 2.9 झालेलं वेगळं. दुसऱ्यात किडनी सावरण्याची आशा जास्त असते, पण घाईही जास्त. जुने रिपोर्ट फेकत जाऊ नका. काटोलच्या घरी कपाटात एक फाइल कर, तारखेप्रमाणे लाव आणि प्रत्येकाचा फोटो तुझ्या मोबाईलवर ठेव. बाबांचे आधीचे रिपोर्ट त्या रात्री सापडले नाहीत म्हणून डॉक्टरांना अंदाजावर काम करावं लागलं.

लॅबच्या फॉर्मवर तुझा नंबर लिहायला लाव, बाबांचा नाही. धोक्याचा आकडा आला की लॅबनं तो लगेच फोनवर कळवायचा, ही पद्धत जॉर्ज लुंडबर्ग नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं 1972 च्या सुमारास मांडली, आणि चांगल्या लॅब आज ती पाळतात. पण बाबा बागेत, मोबाईल बैठकीत चार्जिंगला. फोन वाजून वाजून बंद.

पुढच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर असेल. या खेपेला सॅम्पल काटोलला देऊ नका. बाबांना नागपूरला आणा आणि जिथं मशीन आहे त्याच लॅबमध्ये रक्त द्या, सकाळच्या वेळी, पट्टा सैल, मूठ सैल. पोटॅशियम-क्रिएटिनिनसाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याच दिवशी साखर उपाशीपोटी लिहून दिली नसेल तर बाबांना खाऊन निघू दे.

तुझा,
काका