दोन व्हॉइसमध्ये एकच सूर एकमेकांवर आला, तर संगीत लिहिण्याच्या (नोटेशन) सॉफ्टवेअरने काय करावं?
तुम्ही विचारलंय की पियानोच्या एकाच स्टाफवर (सूर लिहायच्या पाच रेघांवर) वरच्या व्हॉइसमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींपैकी वरच्या सुरावटीत, क्वार्टर नोट आणि खालच्या व्हॉइसमध्ये तिच्या दुप्पट लांबीची हाफ नोट एकाच सुरावर, एकाच क्षणी सुरू झाली, तर प्रोग्रामने त्यातली एक काढून टाकावी का. अजिबात नको. लिहिणाऱ्याने दोन नोटा लिहिल्यात, तर फाइलमध्ये त्या दोनच राहू द्या. त्यांचा मेळ घालायचा तो फक्त दाखवताना आणि वाजवताना.

दाखवण्याचे नियम ठरलेले आहेत. वरच्या व्हॉइसच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली. क्वार्टर आणि एट्थ (क्वार्टरच्या निम्मी) एका सुरावर आल्या तर दोन्हींची डोकी भरीव, म्हणून एकाच डोक्याला दोन दांड्या काढून भागतं. हाफ नोटचं डोकं मात्र पोकळ; ते क्वार्टरमध्ये मिसळलं की दोघींपैकी एकीची लांबी वाचताना हरवते. तिथे डोकी शेजारी-शेजारी काढा. (गिटारच्या लेखनात मिसळलेली चालवून घेतात, लिलिपाँड या नोटेशन प्रोग्राममध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, आपणहून ते मिसळत नाही.) एकीला लांबी दीडपट करणारं टिंब आणि दुसरीला नाही, तरीही शेजारीच. लागून असलेल्या दोन सुरांत वरची नोट डावीकडे, खालची उजवीकडे. सरकवलेली नोट उशिरा वाजत नाही, त्यामुळे पानावरच्या जागेवरून वेळ काढण्याच्या फंदात पडू नका.

खरी गोची वाजवताना होते. मिडी म्हणजे वाद्यांना आणि प्रोग्रामना वाजवण्याच्या सूचना पाठवण्याची पद्धत; तिच्या नोट-ऑन (सूर सुरू), नोट-ऑफ (सूर बंद) संदेशात चॅनेल (सूचना जाण्याचा क्रमांकित मार्ग) आणि सुराचा क्रमांक असतो, व्हॉइस नसतो. मधला सी म्हणजे ६०. क्वार्टर संपली, ६० चा नोट-ऑफ गेला, की बहुतेक वेळा हाफ नोटही तिथेच बंद पडते. म्हणून प्रत्येक चॅनेलवर प्रत्येक सुरामागे किती नोटा चालू आहेत ते मोजा आणि शेवटची संपल्यावरच नोट-ऑफ पाठवा.

खालचा व्हॉइस चार बीट्सचा सी धरून बसलाय आणि वरच्याने तिसऱ्या बीटला तोच सी वाजवला, तर? पियानोवर पट्टी एकच, ती सोडून पुन्हा दाबावी लागते. तेव्हा आधी नोट-ऑफ, लगेच नोट-ऑन, आणि मग सर्वांत लांब नोटेच्या शेवटापर्यंत धरून ठेवा. तोच स्टाफ दोन बासऱ्यांचा असेल तर दोन्ही सूर पूर्ण ऐकू यायला हवेत. तिथे व्हॉइसागणिक वेगळं चॅनेल द्या. हे ठरवायला वाद्य कोणतं ते प्रोग्रामला माहीत हवं.

फाइल म्युझिकएक्सएमएल या संगीतलेखनाच्या फाइल-स्वरूपात साठवा, त्यात प्रत्येक नोटेला व्हॉइस लिहिता येतो.